बबीच्या वकिलीबद्दल माझं मत

२ सप्टेंबर, सोमवार

वन्संचा फोन सकाळी नऊला आला, तेव्हाच काही काम आहे हे कळलं. ख्यालीखुशाली त्या रविवारी विचारतात. बबी, म्हणजे त्यांची मुलगी, गेली तीन वर्षं आमच्याकडे राहून एका मोठ्या वकिलांच्या हाताखाली वकिली करते आहे. सव्वीस वर्षांची झाली, काळा कोट घालते, पण घरात अजून बबीच. वन्संच्या यजमानांनी ओळखीतून एका विमा कंपनीच्या कायदा खात्यात तिच्यासाठी शब्द टाकला आहे. बसायला खुर्ची, डोक्यावर पंखा, एक तारखेला पगार. ऑक्टोबर संपायच्या आत हो की नाही ते कळवायचं आहे.

“वहिनी, तू दोन महिने नीट बघ आणि मला सांग, या वकिलीत काही अर्थ आहे का. यांनी तुझ्यावर सोडलंय. म्हणाले, ती रोजचा खर्च लिहून ठेवणारी बाई आहे, उगाच गोड बोलणार नाही.”

मी म्हटलं, “वन्सं, मी मॅट्रिक. मला कायद्यातलं काय कळणार?”

“कायदा नको बघूस, तिला बघ. आणि तिला कळू देऊ नकोस.”

देवाला नमस्कार केला आणि एका अर्धवट वापरलेल्या वहीची मागची कोरी पानं काढली. मत द्यायचं तर नोंद हवी. खरं सांगायचं तर माझं मत आजच तयार आहे. नोकरी घ्यावी. पण इतक्या लगेच सांगितलं तर मी बघितलंच नाही असं होईल.

५ सप्टेंबर, गुरुवार

निरीक्षण सुरू. आठला जाते, सातला येते. दोन खांद्यांना दोन पिशव्या, दोन्ही फायलींच्या. चपलेचा तळ वर्षात दोनदा बदलला.

विचारलं, “आज काय केलंस?”

“तारीख घेतली.”

“आणि काल?”

“काल दुसऱ्या खटल्यात तारीख घेतली.”

हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, “त्यापेक्षा कॅलेंडर छापणाऱ्याकडे लाग. बारा महिन्यांच्या एकदम मिळतील.” ती हसली. बिचारी यांच्या सगळ्या विनोदांना हसते.

माझी काळजी वेगळी आहे. डबा भरता भरता विचारून घेतलं, “या धंद्यात खोटं बोलावं लागतं का गं?”

म्हणाली, “मामी, अशील मला सांगतं ते सगळं खरं असतं की नाही, मला माहीत नसतं. पण खोटं आहे हे माहीत असताना मी ते बोलत नाही.”

“म्हणजे तू माहीत करून घेत नाहीस.”

ती डब्याचं झाकण हातात धरून थांबली. मग म्हणाली, “तुम्ही उलटतपासणी चांगली घ्याल,” आणि निघून गेली. उत्तर दिलं नाही, अशी नोंद करते.

११ सप्टेंबर, बुधवार

कोर्टात जाऊन आले. यांच्या एका कागदावर शिक्का हवा होता, ते निमित्त झालं. वही बरोबर नेली होती.

मला वाटलं होतं, हात वर करून तावातावाने बोलताना दिसेल. ती उभी राहिली, “साहेब, पुढची तारीख मिळावी,” म्हणाली आणि बसली. न्यायाधीशसाहेबांनी मानसुद्धा वर केली नाही. आत जायला तासभर थांबली होती.

पण त्याआधी बाहेरच्या बाकावर एका म्हाताऱ्या अशिलाने तिची बाही धरून ठेवली होती. त्यांना आज निकाल का नाही, हे कळत नव्हतं. तिने तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा त्याच आवाजात. चौथ्यांदा कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं आणि त्यांच्याकडून वाचून घेतलं. वीस मिनिटं गेली. याचे वेगळे पैसे मिळतात का, म्हणून घरी विचारलं. मिळत नाहीत.

मत तेच आहे.

१९ सप्टेंबर, गुरुवार

मोठ्या वकिलांचा कारकून आजारी आहे. कागदांच्या नकला अस्सलाशी ताडून बघायच्या असतात. एकाने वाचायचं, दुसऱ्याने नक्कल तपासायची. बबी म्हणाली, “मामी, तुमचं वाचन स्वच्छ आहे. वाचाल का?” हात धुऊन बसले. दोन तास वाचलं.

खटला एका इस्त्रीवाल्या बाईंचा आहे. हा खटला मोठ्या वकिलांनी पूर्णपणे बबीच्या हाती दिला आहे, असं पहिल्यांदाच झालं. बाई नवऱ्यामागे एका लहानशा गाळ्यात कपडे इस्त्री करून चार माणसांचं घर चालवतात. गाळ्याचे जुने मालक वारले. आता त्यांचा मुलगा म्हणतो, वडिलांनी ओळखीखातर जागा वापरायला दिली होती, भाडं कधी घेतलंच नाही, तेव्हा गाळा रिकामा करा. त्याने तसं लिहूनही दिलं आहे. बाईंकडे मात्र वडिलांच्या सहीच्या चिठ्ठ्या आहेत, दर महिन्याच्या. महिना, रक्कम, ‘मिळाले’ आणि सही.

“मग आधीच दाखवायच्या ना,” मी म्हटलं.

“आठ ऑक्टोबरला तो शपथेवर साक्ष देईल. एक पैसा घेतला नाही म्हणेल. मग मी चिठ्ठ्या काढीन. ज्याचं एक खोटं उघडं पडतं, त्याच्या बाकीच्या बोलण्यावरही साहेब विश्वास ठेवत नाहीत. नियमात बसतं ते, मामी.” मग म्हणाली, “हे आपल्या चार भिंतींत.”

“मी कोणाला सांगणार आहे?”

२६ सप्टेंबर, गुरुवार

आज देवाने माझ्या हातून एक चांगलं काम करून घेतलं.

प्रार्थना मंडळात माझ्या शेजारी एक चष्म्याच्या बाई बसतात. चार वर्षांची ओळख, पण घरचं कधी बोलणं नाही. आज त्यांचा चेहरा उतरलेला. म्हणाल्या, “आमच्या ह्यांना आठ तारखेला कोर्टात शपथ घ्यायची आहे. एका इस्त्रीवालीने सासऱ्यांचा गाळा अडवलाय.” मी चपापलेच.

प्रार्थनेत माझं लक्ष लागलं नाही. एक माणूस देवाच्या नावाने खोटी शपथ घेणार, हे मला माहीत आहे, आणि मी त्याच्या बायकोच्या शेजारी डोळे मिटून बसले आहे. हे पाप त्याचं की माझंही? शेवटी बाहेर पडताना त्यांना बाजूला घेतलं. म्हटलं, “यजमानांना सांगा, पैसे घेतलेच नाहीत असं शपथेवर म्हणू नका. तुमच्या सासऱ्यांच्या सहीच्या चिठ्ठ्या त्या बाईंकडे आहेत. त्यापेक्षा मिटवून टाका.”

त्यांनी माझा हात घट्ट धरला. म्हणाल्या, “बरं झालं तुम्ही सांगितलंत.”

दोन्ही घरांचं भलं होईल. बबीला सांगितलं नाही. केलेलं चांगलं काम सांगत सुटू नये.

८ ऑक्टोबर, मंगळवार

बबी चारलाच घरी आली. पिशव्या दारातच ठेवल्या.

मी विचारलं, “मिटलं का?”

“काय मिटलं का?”

“गाळ्याचं.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग सावकाश बोलू लागली. “मी त्याला विचारलं, वडिलांनी बाईंकडून कधी पैसे घेतले का. तो म्हणाला, हो, घेतले. म्हणे वडिलांनी त्यांना उसने दिले होते, ते त्या महिन्याच्या महिन्याला फेडत होत्या, चिठ्ठ्याही दिल्या आहेत. मामी, चिठ्ठ्या माझ्या पिशवीत होत्या. मी त्या काढल्यासुद्धा नव्हत्या. मला पुढे काही सुचेना. तारीख मागून घेतली.”

“पण पैसे घेतले हे तरी तो खरं बोलला.”

“तो आधीपेक्षा चांगलं खोटं बोलला. त्याला वेळ मिळाला होता.” ती बोटांवर मोजायला लागली. “चिठ्ठ्यांचं मला माहीत, मोठ्या वकिलांना माहीत, बाईंना माहीत...” चौथ्या बोटावर थांबली.

मी सगळं सांगितलं. ती चपलांच्या फळीशेजारी जमिनीवरच बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने विचारलं, “कोणत्या तारखेला? नेमके शब्द काय होते?” आणि मी बोलले ते तिच्या वहीत उतरवून घेतलं. नंतर म्हणाली, “वाचायला मी बसवलं तुम्हाला. चूक माझी आहे.”

हे वाक्य माझ्याच्याने अजून गिळवत नाही.

९ ऑक्टोबर, बुधवार

बबीबरोबर मोठ्या वकिलांकडे गेले. कागदांच्या दुकानावर माडी, भिंतभर पुस्तकं, खिडकीत एक वाळलेलं रोप. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं.

मी म्हटलं, “मी कोर्टात येऊन खरं काय ते सांगते. माझी साक्ष घ्या.”

“बाई,” ते म्हणाले, “तुम्ही इतक्यात कोणाला काही सांगू नका.”

मग बबीला म्हणाले, “अशिलाला कळवायची गरज नाही. साक्षीदार रोज फिरतात. त्या बाईंना कधीही कळणार नाही.”

“मला कळलंय, सर.”

त्यांनी डोळे उघडले. “ती फाइल घेऊन जाईल. बाजारभर सांगेल. तीन वर्षं घासलीस ती एका वाक्यात घालवशील.”

“हो.”

“मग मला विचारायला आली आहेस की सांगायला?”

“सांगायला, सर.”

त्यांनी समोरच्या फायलीची दोरी बांधली. नंतर म्हणाले, “एक लक्षात ठेव. मेलेल्या माणसाची सही शाबीत करायची होती आपल्याला. ती त्याच्या मुलाने स्वतःच कबूल केली आहे.” बबीने मान हलवली. मला त्यातलं काही कळलं नाही.

जिना उतरताना मी तिला म्हटलं, “अगं, एवढे मोठे वकील सांगताहेत तर राहू दे ना.” चाळीस वर्षं रोज खरं बोलण्याची बुद्धी मागणारी मी असं म्हणाले, हे इथे लिहून ठेवते.

१० ऑक्टोबर, गुरुवार

गाळा आमच्या न्हाणीघराएवढा. आत उभं राहिलं की तोंडावर वाफ येते. कपड्यांचे गठ्ठे, प्रत्येकावर खडूने खूण.

“या वकीलबाई. निकाल लागला का?” बाई हसून म्हणाल्या.

बबीने उभ्याउभ्याच सांगितलं. चिठ्ठ्यांची बातमी फुटली, माझ्या घरातून फुटली, त्यामुळे आपली बाजू होती तेवढी भक्कम राहिलेली नाही. तुम्हाला दुसरा वकील हवा असेल तर मी आजच कागद देते. माझं नाव तिने घेतलं नाही. मीच म्हटलं, “मी फोडली.”

बाई शर्टाच्या बाहीवर इस्त्री फिरवत राहिल्या. “का?”

“त्या माणसाने देवाच्या नावाने खोटं बोलू नये म्हणून.”

“आणि माझं दुकान दिसलं नाही तुमच्या देवाला?”

त्यांनी कागद मागितले. बबीने आधीच सगळे लावून, वर यादी जोडून आणले होते. दिले आणि पोच घेतली.

१२ ऑक्टोबर, शनिवार

प्रार्थनेला गुरुवारी गेले नाही. घरी देवापुढे बसले तरी शब्द फुटेना. यांना सांगितलं, तर म्हणाले, “देवाशी बिनधास्त बोल. ऐकलेलं बाहेर न सांगणारा तोच एक आहे.” मला हसू आलं आणि मग रडू आलं.

वन्संचा फोन होऊन गेला. “काय वाटतं गं?” “बघते आहे,” म्हटलं. तेवढ्यात मनात आलं, नोकरी घेऊ दे म्हणावं. बबी विमा कंपनीत जाईल, हे प्रकरण इथेच राहील, माझी चूक कोणाच्या कानावर जाणार नाही. वन्संनी दोनदा “हॅलो, हॅलो” केलं, तेव्हा भानावर आले. काही न सांगता फोन ठेवला.

बबी आता दार लावून काम करते.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

संध्याकाळी इस्त्रीवाल्या बाई आल्या. कागदांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. यादी तशीच वर होती.

“दोन वकील बघितले,” म्हणाल्या. “दोघांनी विचारलं, खटला काय आहे. मी सांगत गेले. तारखा, चिठ्ठ्या, त्याने काय लिहून दिलंय, सगळं. एकजण म्हणाला, बाई, तुम्हाला इतकं कोणी समजावून दिलं? दुसरा म्हणाला, तुमची आधीची वकील मूर्ख आहे, असलं काही अशिलाला सांगतात का? तेव्हा मी उठले. म्हटलं, उद्या याच्याकडून काही चुकलं तर हा मला सांगायचा नाही.”

बबीने गठ्ठ्यावरची यादी सरळ केली.

“पण या,” माझ्याकडे हात करून त्या म्हणाल्या, “या खोलीत नकोत.”

मी उठून स्वयंपाकघरात गेले. चहा केला, बाहेर नेऊन ठेवला, परत आले. बाहेरून त्यांचा आवाज ऐकू आला, “साखर जास्त झाली.” पण कप रिकामा परत आला.

त्या गेल्यावर मी बबीला खरं काय ते सांगून टाकलं. तुझ्या आईने मला तुझ्यावर लक्ष ठेवायला सांगितलंय, म्हटलं.

“मला पहिल्या आठवड्यापासून माहीत आहे. कोर्टात वही घेऊन कोण येतं, मामी?”

“मग बोलली का नाहीस?”

“म्हटलं, बघताय तर बघा. मुद्दाम चांगलं वागायला मला वेळही नव्हता.”

२४ ऑक्टोबर, गुरुवार

बबीला विचारून कोर्टात गेले. मागच्या बाकावर इस्त्रीवाल्या बाई होत्या. मधे एका माणसाची जागा सोडून बसले. त्यांनी सरकून अर्धी केली.

गाळ्याचा मालक पिंजऱ्यात. बबी उठली. आवाज त्या म्हाताऱ्या अशिलाशी बोलतानाचाच.

“चिठ्ठ्यांवरच्या सह्या तुमच्या वडिलांच्याच?”

“हो.”

“वडिलांनी उसने किती दिले होते?”

“आठवत नाही.”

“कधी दिले?”

“नक्की सांगता येणार नाही.”

“तुम्ही कोर्टाला लिहून दिलंत, त्यात या उसन्या पैशांचा उल्लेख कुठे आहे?”

तो कागद चाळू लागला. साहेबांनी पहिल्यांदाच मान वर केली. “उल्लेख आहे की नाही?” त्यांनी स्वतःच विचारलं.

“नाही.”

“वडील गेल्यावर राहिलेल्या पैशांची मागणी तुम्ही बाईंकडे एकदा तरी केलीत?”

“...नाही.”

“आणखी प्रश्न नाहीत,” म्हणून बबी बसली.

मला वाटलं, हिने घाई केली. खोटारडा म्हणून त्याला चांगलं खडसवायला हवं होतं. बाईही कुजबुजल्या, “एवढंच?” मोठे वकील दाराशी उभे होते. त्यांनी पेनाला टोपण लावलं, खिशात ठेवलं आणि निघून गेले. शेवटपर्यंत थांबलेही नाहीत, याचं मला वाईट वाटलं. बबीला मात्र त्याचाच आनंद झालेला दिसला. बाहेर मालकाचा वकील मालकालाच झापत होता. पुढची तारीख डिसेंबरात. तोवर गाळ्याला हात लावायचा नाही, असं साहेबांनी सांगितलं आहे.

चष्म्याच्या बाईंनी मला जिन्यात गाठलं. “तुम्हीच म्हणाला होतात ना, मिटवा म्हणून. आता त्या कशावर तयार होतील? तुम्हाला माहीत असेल.”

“वकिलांना विचारा,” मी म्हटलं. दोनच शब्द, पण तेवढ्यावर थांबणं जड गेलं.

३० ऑक्टोबर, बुधवार

आज मत द्यायचा दिवस. सकाळी देवापुढे बसले. आज शब्द आले.

वन्सं फोनवर म्हणाल्या, “एका वाक्यात सांग. अर्थ आहे की नाही?”

“एका वाक्यात जमणार नाही, वन्सं. तुम्ही बसून घ्या.”

सगळं सांगितलं. माझी चूक आधी, मग बाकीचं. जिन्यात मी काय म्हणाले तेही सांगितलं.

“इतकं झालं आणि मला आज सांगतेस?”

“आधी सांगितलं असतं तर तुम्ही तिला घेऊन गेला असता.”

“ती तुला काही बोलली नाही?”

“नाही. नुसतं लिहून घेतलं.”

मग भाऊजींनी, म्हणजे वन्संच्या यजमानांनी, फोन घेतला. त्यांनी पैशांचं विचारलं. मी लपवलं नाही. अजून तीनचार वर्षं ओढाताण आहे, चपला झिजणार आहेत, विमा कंपनी पहिल्या महिन्यात देईल तेवढं हिला मिळायला किती काळ लागेल हे सांगता येत नाही.

“मग वहिनी, तुमचं मत नोकरीचंच ना?”

“तसं होतं. भाऊजी, माझी स्वतःची मुलगी असती तर मी भिऊन तिला नोकरीला लावलं असतं. पण माझ्यावर कोर्टाची पायरी चढायची वेळ आली, तर मी वकीलपत्र हिलाच देईन. इतकंच मला सांगता येतं.”

ते मग म्हणाले, “बरं. एक वर्ष बघू.”

“पाच,” मी म्हटलं. माझ्या तोंडून कसं निघालं कोण जाणे. भाजीवाल्याशी बोलायची सवय.

“दोन.”

शेवटी तीन वर्षं ठरली. विमा कंपनीला ‘नाही’ म्हणून ते स्वतः कळवणार आहेत. तोवर बबीला कोणी नोकरीचं विचारायचं नाही, फोनवरही नाही.

सातला बबी आली. मी सांगितलं. ती दोन्ही पिशव्या खांद्याला तशाच ठेवून उभी राहिली. डोळे भरून आले होते, पण म्हणाली काय, तर, “मामी, हे लेखी घेतलंत का?”

घेतलं नव्हतं. म्हणून इथे लिहिते. आज ३० ऑक्टोबर रोजी फोनवर झालेल्या बोलण्याप्रमाणे मुदत तीन वर्षं.

खाली बबीने सही केली. साक्षीदार म्हणून यांनी केली आणि साक्षीदाराला चहा मिळतो का ते विचारलं. दोघं सही करत होते तेवढा वेळ पानावरचा वरचा मजकूर मी हाताने झाकून धरला होता.